प्रोसेसर टिकतो, बोर्ड जातो

बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की कारागीर आधी पॉवर सप्लाय तपासतो. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासतो, दुसरी हार्ड डिस्क लावून बघतो. एवढं करूनही पडद्यावर काही उमटलं नाही तर निकाल देतो, ‘बोर्ड गेलाय.’ ‘प्रोसेसर गेलाय’ हे वाक्य त्याच्या तोंडून फार क्वचित निघतं.

त्याला कारण आहे. प्रोसेसर हा बंदिस्त सिलिकॉनचा तुकडा. तापला तर स्वतःचा वेग उतरवतो, फारच तापला तर मशीन बंद करून मोकळा होतो. बोर्डाचं तसं नाही. त्याच्यावरचे कपॅसिटर फुगतात, वीज जाता-येताना बसणारे हिसके व्होल्टेज रेग्युलेटरला भोवतात, वर्षभर साठलेली धूळ पहिल्या पावसाची ओल धरून ठेवते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकली की संध्याकाळी कीबोर्डवर बोटानं नाव लिहिता येतं, तिथे बोर्डांचं आयुष्य पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित ऑफिसातल्यापेक्षा कमी असणार हे उघड आहे.

यातून एक उलटा बाजार तयार झाला आहे. नवीन असताना प्रोसेसर महाग आणि बोर्ड स्वस्त असतो. दहा वर्षांनी चित्र फिरतं. बँकांनी आणि कंपन्यांनी भंगारात काढलेल्या मशिनमधले आय ३, आय ५ प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगानं मिळतात आणि तिथून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचतात. त्यांना बसणारा चांगल्या कंपनीचा बोर्ड मात्र बनायचाच थांबलेला असतो. मग दुकानदार म्हणतो, ‘साहेब, बोर्ड बदलायचा तर प्रोसेसरही बदलावा लागेल, आणि रॅमही.’ गिऱ्हाइकाला वाटतं, हा फसवतोय. बहुतेक वेळा तो फसवत नसतो. एका भागापायी तीन भाग बदलायला लावणारी व्यवस्था त्याच्या दुकानापासून फार लांब ठरलेली असते, आणि तिची दोन टोकं म्हणजे सॉकेट आणि चिपसेट.

सॉकेट ही बोर्डावरची चौकोनी बैठक, जिच्यात प्रोसेसर बसतो. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे तिच्यातल्या विद्युत संपर्कांची संख्या. एलजीए ११५५मध्ये ११५५ संपर्क, एलजीए १७००मध्ये १७००. एवढ्या तारा लागतात कशाला? मेमरीच्या दोन वाहिन्या, प्रत्येकी ६४ बिट, म्हणजे १२८ संपर्क नुसत्या डेटाला. त्यात पत्ते, आज्ञा आणि घड्याळाचे संपर्क मिळवा. ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन, प्रत्येक लेनला जाण्याची एक जोडी आणि येण्याची एक, असे आणखी ६४. पडद्याच्या जोडण्या, चिपसेटशी बोलण्याच्या जोडण्या धरूनही हिशेब हजाराच्या जवळपास जात नाही. उरलेले बरेचसे संपर्क बुद्धीचं काहीच काम करत नाहीत. ते नुसती वीज आत नेतात आणि बाहेर आणतात.

याचं गणित सोपं आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि तो सुमारे १.२ व्होल्टवर चालतो असं धरलं, तर त्याच्यात ५४ अँपिअर प्रवाह जातो. कित्येक घरांच्या मीटरपाशी ३२ अँपिअरचा एमसीबी पुरतो, आणि इथे बोटाच्या पेरांएवढ्या जागेत त्याहून जास्त. व्होल्टेज एवढंसं असल्यामुळे त्याचा झटका बसत नाही, पण प्रवाह तो प्रवाहच. केसासारख्या एका संपर्कावर जेमतेम अर्धा-एक अँपिअर भार टाकता येतो. म्हणून शेकडो संपर्क एकमेकांना समांतर लावून वीज वाटून घ्यावी लागते, आणि ती परत न्यायला तितकेच किंवा जास्त ‘ग्राउंड’ लागतात. प्रोसेसरमधले गाभे, म्हणजे कोअर, वाढले की सॉकेटचा आकडा वाढतो, त्यामागे बऱ्याच अंशी ही विजेची भूक असते.

हे संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात. नगरकरांना संपर्काची विद्या नवीन नाही. इथल्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात वर्षानुवर्षं स्विचगिअर तयार होत आलं; २०२०मध्ये तो सगळा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकनं घेतला. मोटार चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरमध्ये चांदीच्या मिश्रधातूचे संपर्क वापरतात. चांदीवर पातळ थर चढला तरी ४१५ व्होल्टचा दाब आणि संपर्क जुळताना उडणारी ठिणगी तो थर फोडून वाट काढते. सॉकेटमध्ये दाब असतो व्होल्टभराचा आणि ठिणगी उडून चालणारच नसते. तिथे धातूवर नजरेला न दिसणारा थर चढला तरी रस्ता बंद. सोन्यावर असा थर चढत नाही, एवढ्यासाठी ते सोनं. मुलामा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो, त्यामुळे भंगारातल्या एका प्रोसेसरमधून सोनं काढून श्रीमंत होण्याचं स्वप्न कोणी पाहू नये. आम्लात बोर्ड बुडवून ते काढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना त्याची किंमत जास्त पडते.

संपर्क कुठे ठेवायचे यावरून दोन घराणी पडली. जुन्या पद्धतीत पिना प्रोसेसरच्या पोटाला आणि भोकं सॉकेटला. ऐंशीच्या दशकात असा प्रोसेसर जोर लावून दाबावा आणि उचकटून काढावा लागे. पिना वाढल्या तसा तो जोर हाताबाहेर गेला आणि बाजूला दांडी असलेलं सॉकेट आलं. दांडी उचलली की भोकं सैल, खाली केली की घट्ट. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे एलजीएमध्ये, प्रोसेसरचं पोट सपाट, त्यावर नुसते सोनेरी ठिपके, आणि वाकड्या स्प्रिंगसारख्या पिना सॉकेटमध्ये. वरून धातूची चौकट दाबून बसते. तिचा दाब प्रोसेसरवर तीसेक किलो वजन ठेवावं इतका असतो. इंटेलनं डेस्कटॉपसाठी ही पद्धत २००४मध्ये एलजीए ७७५पासून आणली. एएमडीनं सर्वसाधारण डेस्कटॉपवर पिना सोडल्या त्या थेट २०२२मध्ये, एएम ५ सॉकेटला.

एलजीएचे तांत्रिक फायदे खरे आहेत. संपर्क दाट बसवता येतात आणि विजेचा रस्ता आखूड होतो. पण त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप झाली. नाजूक पिना प्रोसेसर बनवणाऱ्याच्या मालावरून उठून बोर्ड बनवणाऱ्याच्या मालावर गेल्या. प्रोसेसरची पिन वाकली तर कारागीर क्लच पेन्सिलच्या रिकाम्या टोकात ती धरून हळूच सरळ करायचा, आणि नव्वद टक्के काम व्हायचं. सॉकेटची पिन वाकली तर भिंग, सुई आणि देवावर भरवसा. शिवाय वॉरंटीत बोर्ड परत करताना पहिला प्रश्न येतो, ‘पिना वाकल्यात का?’ नव्या बोर्डाच्या सॉकेटवर येणारं काळं प्लॅस्टिकचं झाकण कचऱ्यात टाकू नये, ते याच कारणासाठी.

सर्व्हरच्या दुनियेत हे आकडे आणखी मोठे होतात. नगर जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही असं, जुन्नर तालुक्यातलं खोडद गाव. तिथे जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेनं जुळवलेले तीन ‘परम रुद्र’ महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाले, त्यातला एक जीएमआरटीच्या संशोधनासाठी आहे. आकाशातून क्षणार्धात येऊन जाणारे रेडिओ स्फोट शोधण्यासाठी. यातला ‘रुद्र’ हा सर्व्हर-बोर्ड सी-डॅकनं भारतात आखला, पण त्याच्यावर बसतात इंटेलचे झिऑन प्रोसेसर, एका बोर्डावर दोन, प्रत्येकाला ३६४७ संपर्कांची बैठक. एका प्रोसेसरला मेमरीच्या सहा वाहिन्या आणि ४८ पीसीआय लेन द्यायच्या तर आकडा तिथे जातोच. बोर्ड आपला आणि बैठक परक्याची, या स्थितीतून बाहेर पडायला सी-डॅक ‘ऑम’ नावाचा स्वतःचा प्रोसेसर आखते आहे. बैठक कुणाची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्यावरून अमेरिकेत एकदा मोठी लढाई झाली आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी काम केलेला माणूस पुण्यात जन्मला होता.

विनोद धाम यांचा जन्म १९५०चा, पुण्याचा. शिक्षण दिल्लीत, मग अमेरिका, आणि १९७९पासून इंटेल. पेंटियमच्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, म्हणून जग त्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतं. २०२५मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. २२ मार्च १९९३ला आलेला पहिला पेंटियम ३१ लाख ट्रान्झिस्टरचा, ५ व्होल्टचा आणि २७३ पिनांच्या सॉकेट ४मध्ये बसणारा होता. तो इतका तापे की पुढच्याच वर्षी इंटेलनं ३.३ व्होल्टचा नवा पेंटियम काढला आणि त्याच्यासाठी नवं सॉकेट. ज्यांनी पहिल्या वर्षी हौसेनं बोर्ड घेतला त्यांच्या बोर्डाला वर्षभरातच म्हातारपण आलं. त्यानंतर आलेलं ३२१ पिनांचं सॉकेट ७ मात्र वेगळं निघालं. ते एकट्या इंटेलचं राहिलं नाही. एएमडी, सायरिक्स, आयडीटी, सगळ्यांनी त्यात बसतील असे प्रोसेसर काढले. एकच बोर्ड, हवा तो प्रोसेसर, अशी मोकळीक गिऱ्हाइकाला त्याआधीही फार मिळाली नव्हती आणि नंतर तर कधीच मिळाली नाही.

धाम यांनी १९९५मध्ये इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर वेगवान होता, पण त्याला स्वतःचाच बोर्ड आणि स्वतःचाच चिपसेट लागे. उत्तम नवरदेव, पण दुसऱ्याच्या घरात त्याला राहता येत नाही. १९९६च्या सुरुवातीला एएमडीनं नेक्सजेन विकत घेतली. तिथे नेक्सजेनच्या पुढच्या प्रोसेसरची बाहेरची बाजू पुन्हा आखून तो सॉकेट ७मध्ये बसेल असा करण्यात आला. तोच एप्रिल १९९७मध्ये आलेला एएमडी के ६. पेंटियमच्या बोर्डावर, पेंटियमच्या बैठकीत, पेंटियम उभा करणाऱ्यानंच आणलेला प्रतिस्पर्धी!

पुढच्याच महिन्यात इंटेलनं पेंटियम २ आणला, आणि त्याला सॉकेटच नव्हतं. प्रोसेसर एका काळ्या डबीत, डबी उभी २४२ संपर्कांच्या फटीत, स्लॉट १मध्ये. याला तांत्रिक कारण होतं: जवळची कॅश मेमरी वेगळ्या चिपवर होती आणि ती प्रोसेसरच्या शेजारी एका पट्टीवर बसवणं स्वस्त पडत होतं. पण स्लॉट १वर इंटेलची पेटंटं होती, हे कारण त्याहून कमी महत्त्वाचं होतं असं मला वाटत नाही. दोनच वर्षांत कॅश प्रोसेसरच्या आत सामावली, तांत्रिक कारण संपलं, इंटेल परत सपाट सॉकेटकडे आली. सर्वांना सामाईक बैठक मात्र परत आली नाही. एएमडीनं सॉकेट ७ ताणून आणखी थोडे दिवस काढले आणि मग आपली वेगळी चूल मांडली. आज बोर्ड घेताना ‘इंटेलचा का एएमडीचा?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो, त्याची सुरुवात १९९७ची.

चिपसेटची गोष्ट याला समांतर चालते. १९८४चा आयबीएम एटी कॉम्प्युटर उघडला तर बोर्डावर चिपांचा बाजार भरलेला दिसे. मेमरीला ताजं ठेवणारी एक, कीबोर्डची एक, घड्याळाची एक, आणि त्यांना जोडणाऱ्या डझनावारी किरकोळ चिपा. चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीनं ही सगळी गर्दी चार-पाच चिपांच्या संचात बसवली. तो संच विकत घ्यायचा आणि भोवती बोर्ड आखायचा, एवढं काम उरल्यामुळे तैवानातल्या कितीतरी लहान कंपन्या बोर्ड बनवू लागल्या. भारतात गल्लीबोळात ‘असेंबल’ कॉम्प्युटर मिळू लागले, ते याच्याच जोरावर. नव्वदच्या दशकात संच दोन चिपांचा झाला. प्रोसेसरच्या जवळ नॉर्थब्रिज, तिच्याकडे मेमरी आणि ग्राफिक्स. लांब साउथब्रिज, तिच्याकडे हार्ड डिस्क, यूएसबी, कीबोर्ड अशी सावकाश कामं. तेव्हा चिपसेट बदलला की मशीनचा वेग खरोखर बदलायचा, आणि व्हिया, एसआयएस, पुढे एन्व्हिडिया अशा कंपन्या इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट विकायच्या.

मग नॉर्थब्रिज प्रोसेसरनं गिळली. एएमडीनं २००३मध्ये मेमरीचा कारभार प्रोसेसरमध्ये घेतला, इंटेलनं २००८मध्ये. उरली फक्त साउथब्रिज. आज आपण चिपसेट म्हणतो ती हीच. इंटेलनं व्हियाला आणि पुढे एन्व्हिडियाला परवान्यांवरून कोर्टात खेचलं. एन्व्हिडियाच्या भांडणाची तडजोड २०११मध्ये झाली तेव्हा इंटेलनं त्यांना दीड अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं, पण तोवर एन्व्हिडियानं चिपसेटचा धंदा सोडलाही होता. आता इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला इंटेलचाच चिपसेट.

या उरलेल्या चिपसेटचं काम मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्याला लगेच समजेल. प्रोसेसरकडून चिपसेटकडे एकच चारी येते. हार्ड डिस्कची सगळी पोर्ट, यूएसबीची पोर्ट, नेटवर्क, आवाज, सगळी शेतं त्या एका चारीवर. एकेकानं पाणी घेतलं तर प्रत्येकाला भरपूर. सगळ्यांनी एकदम दारं उघडली की टेलला धार बारीक. २०११च्या बोर्डांत ही चारी सेकंदाला साधारण २ गिगाबाइटची होती. २०२१च्या झेड ६९०मध्ये ती १६च्या आसपास गेली. आजची वेगवान एसएसडी एकटीच ७ मागते. म्हणून चांगल्या बोर्डावर एक एसएसडीची जागा थेट प्रोसेसरला, म्हणजे चारीच्या आधी कालव्यालाच, जोडलेली असते. मशीनमध्ये एकच एसएसडी बसवायची असेल तर ती प्रोसेसरशेजारच्या जागेत बसवावी. बोर्डाच्या पुस्तिकेत ही माहिती असते आणि ती कोणी वाचत नाही.

चिपसेट किती महाग पडू शकतो याचा धडा इंटेलला ३१ जानेवारी २०११ रोजी मिळाला. दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये एका ट्रान्झिस्टरची आखणी चुकली होती. त्यामुळे हार्ड डिस्कची चार पोर्ट काही वर्षांत हळूहळू मंद पडून बंद होण्याची शक्यता होती. प्रोसेसर ठणठणीत, पण बोर्ड परत घ्यावे लागले. दुरुस्तीचा आणि बदलून देण्याचा अंदाज होता ७० कोटी डॉलर.

याच मालिकेतला धाकटा चिपसेट, एच ६१, आपल्याकडे अमर झाला आहे. जगानं तो केव्हाच सोडला, पण त्या काळच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचे ढीग संपत नाहीत. म्हणून कमी किमतीचे ‘नवे’ एच ६१ बोर्ड अजून दुकानात येतात. दुकानदार म्हणतो, ‘एच सिक्स्टी वन टाकू का?’ आणि मशीन दोन-तीन हजारांत पुन्हा उठून बसतं. यात वाईट काही नाही, फक्त काय मिळतंय ते कळलेलं असावं. या चिपसेटला मुळात यूएसबी ३ नाही, हार्ड डिस्कची पोर्ट जुन्या वेगाची, रॅमच्या दोनच जागा. त्याच सॉकेटचा बी ७५ चिपसेटचा वापरलेला बोर्ड मिळाला, तर यूएसबी ३ आणि वेगवान एसएसडीला एक पोर्ट मिळतं. प्रोसेसर तोच, सॉकेट तेच, फरक सगळा त्या शेजारच्या चिपेचा. पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक छापायला एच ६१ पुरेसा आहे. बारावीनंतरच्या मुलीला इंजिनिअरिंगसाठी मशीन द्यायचं असेल तर त्यात पैसे घालू नयेत.

सॉकेट तेच म्हणजे प्रोसेसर चालणारच, हा समज मात्र महागात पडतो. एलजीए ११५१ हे नाव इंटेलनं २०१५च्या सहाव्या पिढीला दिलं आणि २०१७च्या आठव्या पिढीलाही. खाचा तशाच, ठिपके तितकेच, प्रोसेसर अलगद बसतो आणि मशीन चालू होत नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच चिपसेट हवा. इंटेलचं म्हणणं असं, की सहा गाभ्यांना जास्त वीज लागते, म्हणून मोकळे ठेवलेले काही संपर्क विजेला दिले. हे खरं आहे. पण हौशी लोकांनी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, बदलून आणि दोन-चार ठिपक्यांची जोडणी फिरवून जुन्या बोर्डांवर हे प्रोसेसर चालवूनही दाखवले, हेही खरं. माझ्या मते ती अर्धी अभियांत्रिकी होती, अर्धा धंदा.

एएमडीनं नेमकं याच सुमाराला उलट केलं. २०१६चं एएम ४ सॉकेट त्यांनी इतकं चालवलं की २०२२मध्येही त्याच्यासाठी नवा प्रोसेसर आला. तेही सरळ झालं नाही. काही बोर्डांवरची बायोसची चिप १६ मेगाबाइटची, तिच्यात सगळ्या पिढ्यांची माहिती मावेना. मे २०२०मध्ये एएमडीनं जाहीर केलं की नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. आणखी एक अडचण सगळ्यांनाच येते: बोर्डात जुना बायोस, हातात नवा प्रोसेसर, आणि बायोस नवा करायला मशीन आधी चालू व्हायला हवं. एएमडीनं एकदा तेवढ्यापुरता प्रोसेसर उसना पाठवायचीही सोय केली होती. आता बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येतो. ती सोय असलेला बोर्ड थोडा महाग असला तरी घ्यावा.

प्रोसेसरच्या या बैठकीशी नगरचा आणखी एक धागा जुळतो. इथल्या एमआयडीसीत सीजी पॉवरचा मोटारींचा जुना कारखाना आहे. त्याच कंपनीला २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारनं गुजरातेत साणंदला चिप-पॅकेजिंगचा प्रकल्प मंजूर केला, जपानची रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांच्यासोबत. ऑगस्ट २०२५मध्ये तिथली चाचणीची फळी सुरू झाली. पॅकेजिंग म्हणजे या लेखात आतापर्यंत आलेलं प्रोसेसरचं पोट: उघड्या सिलिकॉनला आधार द्यायचा, त्याच्या सूक्ष्म टोकांपासून बाहेरच्या ठिपक्यांपर्यंत तारा न्यायच्या. तिथे डेस्कटॉपचे प्रोसेसर बांधले जाणार नाहीत; गाड्या, यंत्रं आणि उपकरणांतल्या चिपा असतील. पण मोटारीचं वेटोळं गुंडाळणाऱ्या कंपनीनं ही विद्या हाती घ्यावी, याचं नगरकरांना कुतूहल असायला हरकत नाही.

बोर्ड आणि प्रोसेसर जुळवण्याचा सध्याचा पेच मात्र वेगळ्याच बाजूनं आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे २०१५च्या एलजीए ११५१ बोर्डावर सातव्या पिढीचा उत्तम चालणारा आय ७ असला, तरी नियमानं तो बाहेर. आणि आठव्या पिढीचा साधा आय ३ स्वस्तात मिळाला, तरी तो त्या बोर्डावर चालणार नाही. मायक्रोसॉफ्टची रेघ आणि इंटेलची रेघ एकाच जागी पडली आहे, आणि मधे अडकलेल्या मशिनींना बोर्ड, प्रोसेसर, बहुधा रॅम, असं सगळंच बदलावं लागतं. इंटरनेटला न जोडलेल्या मशीनला घाई नाही. ज्याच्यावर पैशांचे व्यवहार चालतात त्यानं मात्र थांबू नये, किंवा लिनक्सवर जावं.

जिल्ह्यात आणखी एक जात आहे जिचा विचार या नियमांत कोणी केलेला नाही. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीचा हा मुलूख. कारखान्याच्या वजनकाट्यावर, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राशेजारी, जुने कॉम्प्युटर बसलेले असतात. त्यांचं काम असतं काट्याच्या इंडिकेटरकडून सीरिअल केबलनं येणारा आकडा घ्यायचा आणि पावती छापायची. सीरिअल पोर्ट चिपसेट स्वतः सांभाळत नाही. त्याच्या हाताखाली सुपर आय-ओ नावाची एक छोटी चिप असते. सीरिअल पोर्ट, प्रिंटरचं जुनं पोर्ट, गोल टोकाचा कीबोर्ड, पंख्याचा वेग, सगळी जुनीपुराणी कामं तिच्याकडे. बोर्ड गेला की मालक घाबरतो, कारण नव्या बोर्डाच्या मागे ते नऊ पिनांचं पोर्ट दिसत नाही. दुकानदार यूएसबीचा कन्व्हर्टर देतो. तो बहुतेक सॉफ्टवेअरला चालतो, पण डॉसच्या काळातला प्रोग्राम कॉम १च्या ठरलेल्या पत्त्यावर थेट हात घालतो आणि तिथे कन्व्हर्टर नसतो.

अशा वेळी आधी बोर्डाच्या खालच्या कडेला बघावं. आजही बऱ्याच साध्या बोर्डांवर ‘कॉम’ असं छापलेल्या नऊ उघड्या पिना असतात, सुपर आय-ओपासून आलेल्या. बाहेर फक्त पोर्ट काढलेलं नसतं. पट्टीसकट केबल किरकोळ किमतीत मिळते. मात्र तिच्यातल्या तारांचा क्रम दोन प्रकारचा येतो, तो पुस्तिकेशी जुळवून घ्यावा, नाहीतर काटा शून्यच दाखवत राहील. मशीन चालू असेल आणि बोर्ड कोणता आहे हे माहीत नसेल तर कॅबिनेट उघडायचीही गरज नाही: सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला की मेनबोर्डच्या पानावर बोर्डाचं नाव, चिपसेट आणि बायोसची तारीख एका ठिकाणी दिसते. त्या नावानं कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी सापडते, आणि यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणता बायोस हवा तेही लिहिलेलं असतं. दुकानात जाताना या यादीचा फोटो मोबाइलमध्ये न्यावा.